नट किती आवळावा? पीळ, पान्याची लांबी आणि ओढण्याची दिशा



रोटाव्हेटरचे पाते निखळले, मळणी यंत्राच्या चाळणीचा बोल्ट तुटला, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा नट वाटेत कुठेतरी पडला, अशा अडचणी हंगामाच्या तोंडावर हमखास येतात. त्यावर आपले उत्तर ठरलेले असते, "नट नीट आवळला नव्हता." मग पुढच्या वेळी आपण पान्याला पाइप लावतो आणि अंगातले सगळे बळ खर्च करून नट आवळतो. कधी तो टिकतो, कधी चार दिवसांत बोल्टच तुटतो. असे का होते आणि नट नेमका किती आवळावा, याची माहिती या लेखात देत आहे.

प्रस्तुत लेखक कृषिविद्या विषयाचा अध्यापक आहे, यंत्रांचा नव्हे. तरीही या विषयात लक्ष घालावे लागले त्याला एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोयाबीनच्या प्रात्यक्षिक प्लॉटची तयारी चालू होती. पाऊस पुरेसा झाला होता, वाफसा उत्तम होता आणि पुढचा पाऊस कधी येईल याचा नेम नव्हता. अशा वेळी रोटाव्हेटरच्या एका पात्याचा बोल्ट तुटला. मी स्वतः तालुक्याच्या गावी जाऊन १२ मि.मी. जाडीचा, दिसायला अगदी तसाच बोल्ट घेऊन आलो. चालकाने पान्याला वीतभर पाइप लावून तो आवळला. मी शेजारी उभा राहून "अजून थोडा" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी पाऊण तास काम झाले आणि तो बोल्ट तुटला. पाते उरलेल्या एका बोल्टावर लोंबकळले, तोही गेला आणि पाते मागे फेकले गेले. रोटाव्हेटरचे मागचे झाकण माती अडकते म्हणून साखळीने वर बांधलेले होते. धसकटे वेचणारी एक बाई दहा-बारा फुटांवर वाकलेली होती. पाते तिच्या हातातील टोपलीला लागून पुढे गेले. तिला इजा झाली नाही, टोपली मात्र उभी चिरली. पेरणी दोन दिवस लांबली, पण त्याचे मला फारसे काही वाटले नाही. तुटलेला बोल्ट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. या लेखातील बरेचसे हिशेब त्या बोल्टाचेच आहेत.

जात्याचा खुंटा कडेला का असतो?

ज्यांनी दळण दळलेले पाहिले आहे त्यांना पीळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. जात्याचा खुंटा मधल्या आळापासून दूर, पाळीच्या कडेला ठोकलेला असतो. तोच खुंटा मध्याच्या जवळ ठोकला तर तेवढ्याच बळाने पाळी हलणार नाही. म्हणजे फिरवण्याची ताकद दोन गोष्टींवर अवलंबून असते : आपण किती बळ लावतो आणि ते मध्यापासून किती अंतरावर लावतो. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे पीळ. शास्त्रात त्याला बलाघूर्ण म्हणतात, गॅरेजमध्ये टॉर्क म्हणतात. या लेखात आपण पीळ हाच शब्द वापरू.

समजा, नटाच्या मध्यापासून ३० सें.मी. अंतरावर पाना धरून आपण २० किलो वजनाइतके बळ लावले, तर पीळ झाला २० गुणिले ०.३ मीटर, म्हणजे ६ किलोग्रॅम-मीटर. पाइप लावून तेच बळ ६० सें.मी. वर लावले तर पीळ १२ किलोग्रॅम-मीटर. हाताला दोन्ही वेळी २० किलोच जाणवतात. बोल्टाला मात्र दुप्पट पीळ बसलेला असतो. हाताच्या अंदाजावर विसंबणारा माणूस फसतो तो येथेच.

आता दिशेचा विचार करू. जाते ओढताना बायका खुंटा कधी मध्याकडे ओढत नाहीत. खुंटा ज्या वर्तुळात फिरतो त्या वर्तुळाच्या कडेच्या दिशेनेच, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेनेच हात फिरत जातो. जुन्या काळच्या उसाच्या चरकाला जुंपलेले बैलही लाटेच्या टोकाला काटकोनात ओढ देत गोल फिरत. बैल आतल्या बाजूला दबून चालू लागला की हाकणारा त्याला बाहेर काढी. आतल्या बाजूची ओढ लाट मध्याकडे खेचते, चरक फिरवत नाही.

पान्याचेही तसेच आहे. पान्याच्या दांडीशी काटकोनात लावलेले बळच पुरते कामी येते. दांडीशी ६० अंशांचा कोन करून ओढले तर बळाचा सुमारे ८७ टक्के भाग कामी येतो, ४५ अंशांत ७१ टक्के, आणि ३० अंशांत फक्त निम्मा. उरलेली ओढ दांडीच्या रेषेत जाते आणि पाना नटावरून निसटवण्याचे काम करते. रोटाव्हेटरखाली अडचणीच्या जागी आडवे पडून आपण जेव्हा नट आवळतो तेव्हा हात बहुधा तिरका असतो. घाम निघतो, नट हलत नाही, "चांगला घट्ट झाला" असे समाधान होते. प्रत्यक्षात पीळ निम्माच बसलेला असतो.

चाकाचे नट पाय देऊन आवळणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपले वजन सरळ खाली पडते. दांडी जमिनीला समांतर असताना सगळे वजन कामी येते. दांडी खाली झुकत गेली की तेच वजन कमी कमी कामी येते. म्हणून पाय देताना पाना अशा बेताने बसवावा की आवळणे पूर्ण होते वेळी दांडी आडवी असेल. दांडीवर उड्या मात्र मारू नयेत. ६० किलो वजनाचा माणूस ५० सें.मी. वर स्थिर उभा राहिला तर पीळ ३० किलोग्रॅम-मीटर बसतो. तोच उडी मारू लागला तर तो दुप्पट होतो की तिप्पट याचा हिशेब कोणालाच लागत नाही.

बोल्ट ताणला जातो म्हणजे काय?

गाडीत कडबा भरल्यावर आपण वरून दोर टाकतो आणि दांडक्याने पीळ देऊन तो आवळतो. पेंढ्या जागच्या जागी राहतात त्या दोराच्या ताणामुळे. दोर सैल असेल तर पेंढ्या सरकतात, सरकता सरकता दोर आणखी सैल होतो. अति आवळला तर दोराचे पदर तुटू लागतात.

बोल्ट म्हणजे पोलादी दोरच समजा. नट फिरतो तसा तो आट्यांवरून पुढे सरकतो आणि बोल्टाला लांबवतो. हे लांबणे डोळ्यांना दिसत नाही इतके थोडे असते, पण त्या ताणानेच दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून धरल्या जातात. पाते आणि त्याची फ्लँज यांच्यातील घर्षण त्या दाबामुळे निर्माण होते आणि मातीचा मार ते घर्षण सोसते. ताण कमी असेल तर पाते फ्लँजवर किंचित सरकते. रोटर मिनिटाला २०० फेरे फिरतो असे धरले तरी प्रत्येक पात्याला तासाला १२,००० तडाखे बसतात. दर तडाख्याला केसभर सरकले तरी नट उलटा फिरत जातो. आडव्या हादऱ्यांनी नट कसे सैल होतात हे जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. नुसत्या स्प्रिंग वॉशरवर, म्हणजे आपल्या स्प्रिंगच्या वायसरवर, अशा जागी फार भरवसा ठेवता येत नाही, हेही अशा चाचण्यांतून पुढे आले. नायलॉक नट अधिक बरा. पण त्याचे नायलॉनचे कडे झिजून नट हाताने फिरू लागला की तो बदलावा.

आपण दिलेल्या पिळापैकी फार थोडा भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. ढोबळमानाने निम्मा पीळ नटाच्या बुडाखालील घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांतील घर्षणात जातो आणि सुमारे १० टक्केच उरतो. तरीही हा उरलेला भाग कमी नसतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या १२ मि.मी. बोल्टाला ६ किलोग्रॅम-मीटर पीळ दिला तर त्यात सुमारे २,५०० किलो ताण निर्माण होतो. म्हणजे २५ क्विंटल. करंगळीएवढ्या जाडीच्या बोल्टाला ५० पोती टांगल्यासारखे झाले.

घर्षणाचा वाटा एवढा मोठा असल्याने तेलाचा एक थेंबही हिशेब बदलतो. आटे तेलकट असतील तर त्याच पिळाने ताण सुमारे सव्वापट ते दीडपटही होऊ शकतो. उलट, गंजलेल्या आट्यांत पीळ सगळा गंजाशी झगडण्यात संपतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि तेल, ग्रीस लावावे की नाही याबाबत यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच करावे. चाकाच्या नटांना पुस्तिकेत सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नये.

बोल्टाच्या डोक्यावरील आकडा

माझी खरी चूक येथे झाली होती. जुन्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा होता, नव्याच्या डोक्यावर काहीच नव्हते. मी जाडी आणि लांबी जुळवली. डोके पाहिले नाही.

हा आकडा बोल्टाची प्रत सांगतो. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तुटण्याची ताकद मिळते : ८.८ चा बोल्ट दर चौरस मि.मी. ला ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा लांबू लागतो. ८.८ मध्ये तो ८ दशांश, म्हणजे ६४० न्यूटन. ४.६ च्या साध्या बोल्टात हेच आकडे ४०० आणि २४० आहेत. डोक्यावर कसलीच खूण नसेल तर बोल्ट साधा समजून चालावे.

आता माझ्या बोल्टाचा हिशेब पाहा. २५ सें.मी. चा १९ नंबरचा पाना, त्यावर पाइप, हात साधारण ४५ सें.मी. वर. चालकाने १५ किलोची ओढ धरली असे मानले तर पीळ झाला पावणेसात किलोग्रॅम-मीटर आणि ताण सुमारे २,८०० किलो. १२ मि.मी. चा साधा बोल्ट सुमारे २,०५० किलोला कायमचा लांबू लागतो आणि ३,४०० किलोच्या आसपास तुटतो. म्हणजे आवळतानाच तो मेलेला होता. शेतात फक्त त्याचे दोन तुकडे झाले. गंमत अशी की ८.८ च्या बोल्टाला तोच पीळ थोडा कमीच पडला असता. त्यामुळे दोष पाइपाला देता येत नाही आणि चालकाला तर नाहीच. किती पीळ बसतो आहे आणि किती हवा आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

कोरड्या, स्वच्छ आट्यांच्या ८.८ प्रतीच्या बोल्टांना लागणारा पीळ ढोबळमानाने असा : ८ मि.मी. साठी २.५, १० मि.मी. साठी ५, १२ मि.मी. साठी ८.५ आणि १६ मि.मी. साठी २१ किलोग्रॅम-मीटर. जाडी ८ वरून १६ झाली, म्हणजे दुप्पट झाली, की पीळ आठपट लागतो हे येथे दिसेल. एकाच अंदाजाने सगळे नट आवळणारा माणूस लहान बोल्ट तोडतो आणि मोठे ढिले ठेवतो ते यामुळेच. साध्या ४.६ च्या बोल्टाला यांच्या दोन पंचमांशच पीळ द्यावा. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा आकडा खरा मानावा. पुस्तिकेत तो बहुधा न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. त्याला १० ने भागले की कामापुरता किलोग्रॅम-मीटरचा आकडा मिळतो.

ताणकाट्याने पीळ मोजणे

पीळ मोजणारा टॉर्क पाना मिळतो. गटाने किंवा अवजारे बँकेने तो एक घ्यावा असे माझे मत आहे. पण तो नसला म्हणून काम अडत नाही. कापूस, भाजीपाला मोजण्याचा ५० किलोचा हुकाचा ताणकाटा बहुतेक गावांत असतो. तो पुरेसा आहे.

नट आधी साध्या पान्याने हलका आवळून घ्यावा. मग रिंग पाना किंवा बॉक्स पाना लावावा. नटाच्या मध्यापासून दांडीवर मोजून ४० सें.मी. वर खडूने खूण करावी. पाना आखूड असेल तर त्यावर घट्ट बसणारा पाइप चढवून खूण पाइपावर करावी. खुणेपाशी सुतळीचा फास घालून ताणकाट्याचा हूक त्यात अडकवावा. १२ मि.मी. च्या ८.८ बोल्टाला ८.५ किलोग्रॅम-मीटर हवेत, तर ८.५ भागिले ०.४, म्हणजे ताणकाट्यावर २१ किलो दिसेपर्यंत ओढावे. ओढताना काटा दांडीशी काटकोनात आहे ना, हे दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. दांडी फिरेल तशी ओढण्याची दिशाही फिरवावी. झटका देऊ नये. नट सरकत असतानाच आकडा वाचावा. थांबलेला नट पुन्हा सुटायला जास्त बळ मागतो आणि आकडा फसवतो. पाना निसटला तर आपण मागे पडणार नाही असे पाय रोवून उभे राहावे.

अर्थात रोटाव्हेटरखाली हात घालण्यापूर्वी इंजिन बंद, किल्ली खिशात आणि पी.टी.ओ. सुटा असावा. रोटाव्हेटर नुसत्या हायड्रॉलिकवर उचलून त्याखाली जाऊ नये. खाली भक्कम ठोकळे द्यावेत.

आवळता आवळता नट एकदम लोण्यात फिरल्यासारखा हलका वाटू लागला तर थांबावे. बोल्ट लांबू लागल्याची ती खूण आहे. "आता बसला" असे समजून तो तसाच ठेवू नये, काढून टाकावा. जुना बोल्ट लांबला आहे का हे पाहण्याची सोपी रीत अशी : नव्या बोल्टाच्या आट्यांत जुन्याचे आटे बसवून दोन्ही उजेडासमोर धरावेत. आटे एकमेकांत पुरते बसले नाहीत, मध्ये फट दिसली, तर जुना बोल्ट भंगारात टाकावा. माझ्या खणातील बोल्टाच्या तुकड्यात ही फट स्पष्ट दिसते.

नवीन पाती बसवल्यावर पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. फ्लँजवरचा रंग, गंज, मातीचा पापुद्रा दबला की ताण उतरतो. आवळताना काही चुकले असेलच असे नाही.

चाकांचे नट

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट शेजारच्या शेजारी न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. चाक जॅकवर असताना अर्धा पीळ द्यावा आणि जमिनीवर टेकल्यावर पुरा द्यावा. चाक बदलल्यानंतर पहिल्या तासाने आणि पुन्हा ८-१० तासांनी तपासणी करावी. भात पट्ट्यात चिखलणीसाठी केज व्हील बसवताना आणि काढताना ही तपासणी बहुधा राहून जाते, कारण त्या दिवसांत कोणाला उसंत नसते. समजा पुस्तिकेत ३०० न्यूटन-मीटर दिले आहेत. म्हणजे ३० किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांबीच्या दांडीवर ताणकाट्याने ३० किलोची ओढ, इतकेच.

शिअर बोल्ट

शेवटी एका बोल्टाविषयी लिहिणे आवश्यक आहे. तो मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. काही यंत्रांच्या पी.टी.ओ. शाफ्टवर शिअर बोल्ट असतो. येथे वरचाच हिशेब उलटा चालतो. ३५ अश्वशक्ती ५४० फेऱ्यांना शाफ्टमधून जात असेल तर शाफ्टमधील पीळ सुमारे ४६ किलोग्रॅम-मीटर असतो. शिअर बोल्ट शाफ्टच्या मध्यापासून ४ सें.मी. वर असेल तर त्या जागी स्पर्शिकेच्या दिशेने येणारे बळ ४६ भागिले ०.०४, म्हणजे १,१५० किलो. एवढे बळ तो रोज सोसतो. दगडात पाते अडकले की पीळ एकदम कितीतरी वाढतो, बोल्ट कापला जातो आणि गिअर बॉक्स वाचतो. दोन-तीनदा बोल्ट कापला गेला म्हणून वैतागून त्या जागी १०.९ चा जाड बोल्ट किंवा सळईचा तुकडा ठोकणारे चालक मी पाहिले आहेत. पुढच्या दगडाला मग गिअर तुटतात. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच, त्याच जाडीचे चार-पाच शिअर बोल्ट नटांसह डबीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवावेत. ते बाकीच्या बोल्टांत मिसळू देऊ नयेत. दिसायला ते अगदी सारखेच असतात.